हिरव्या मेणाचा मणी

"हे कुणालाही खरं वाटणार नाही," मेणकाका म्हणाले आणि स्टूल खरडत खाटेच्या उशाशी ओढून बसले, "पण माणसाच्या अंगात सहाशे दहा गाठी मी माझ्या ह्या दोन हातांनी बसवल्यात. एकेक मोजून."

"मागच्या खेपेला पाचशे ऐंशी होत्या," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

"तेव्हा मानेतल्या धरल्या नव्हत्या."

"त्याच्या आधी सातशे होत्या. तेव्हा काय शेजाऱ्यांच्याही धरल्या होत्या?"

फिजिओ हसली नाही, कारण ती मोजत होती. काकूंच्या गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या किंचित वर, दोन्ही बाजूंच्या खळग्यांत, तिने बोटं सपाट टेकवली होती. कातडी हलकेच ताणायची, सोडायची. पुन्हा ताणायची, सोडायची. जोर इतका कमी, की बोटांखाली मांजर झोपलेलं असतं तर तेही जागं झालं नसतं. काकूंना ह्याचाच वैताग होता. सुजलाय उजवा हात, मनगटापासून दंडापर्यंत पावासारखा फुगलाय, आणि ही मुलगी आठ दिवस झाले गळ्याशीच घुटमळते आहे.

"हातावर कधी येणार गं तू?"

"येते, काकू. आधी वरचा..."

"आधी वरचा चौक मोकळा करायचा," मेणकाकांनी मध्येच तोंड घातलं. "पुढे रस्ता तुंबलेला असताना मागच्या गल्लीतून गाड्या सोडून काय उपयोग? सगळ्या अंगाचं पाणी शेवटी ह्या दोन खळग्यांत येऊन रक्तात पडतं. त्यातही वाटणी बघा. उजवीकडे फक्त उजवा हात, उजवी छाती आणि अर्धं डोकं. बाकी दोन्ही पाय, पोट, सगळी पलटण डावीकडे. एवढा पक्षपात सावत्र आईसुद्धा करत नाही."

"काका," फिजिओ म्हणाली, "हे मी सांगायचं असतं. आणि तुम्ही बोललात की माझा आकडा चुकतो."

"कितीवर होतीस?"

"आता कुठलं आठवायला?"

"सातवर होतीस."

तिने एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मेणकाका हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. वैद्यकीय महाविद्यालयात अडतीस वर्षं ते मेणाची मॉडेलं घडवत होते: उभं चिरलेलं मूत्रपिंड, बादलीएवढा कान, कप्पे उघडे टाकलेलं हृदय. पण त्यांचा आयुष्यभराचा अभिमान होता तो दालनाच्या टोकाला, काचेच्या कपाटात उभा असलेला पुरुषभर उंचीचा मेणाचा माणूस. त्याच्या धमन्या लाल, शिरा निळ्या, मज्जातंतू पिवळे, आणि ह्या सगळ्यांच्या मधून, कुणाचं लक्षही जाणार नाही इतकी बारीक, हिरवी जाळी. ती लसीकेची. रक्तवाहिन्यांतून पाझरून मांसात साचलेलं पाणी गोळा करायचं, वाटेतल्या गाठींमधून ते गाळून घ्यायचं, त्यात कुणी चोर सापडला तर त्याला तिथेच अडवायचं आणि उरलेलं पाणी गळ्याशी नेऊन रक्ताला परत करायचं, हे तिचं काम. "रक्त म्हणजे घरातला थोरला मुलगा," काका म्हणत. "त्याला पंप आहे, त्याचं कौतुक आहे. आणि ही म्हणजे मागून फरशी पुसत येणारी सून. हिला पंपसुद्धा नाही. तुम्ही चाललात, हात हलवलात, श्वास घेतलात, तर ही बिचारी पुढे सरकणार." काकूंना हे सगळं तोंडपाठ होतं. जन्मात कधी फरशी पुसली नाही त्या माणसाने ही उपमा द्यावी, हेही त्यांना दर वेळी नव्याने खुपायचं.

तीन वर्षांपूर्वी काकूंच्या स्तनाचं ऑपरेशन झालं. त्या वेळी उजव्या काखेतल्या सतरा गाठी काढाव्या लागल्या. काकांच्या कुठल्याही आकड्यावर कुणी भरवसा ठेवत नसे, पण हा आकडा त्यांनी कधी वाढवला नाही की कमी केला नाही. सतरा म्हणजे सतरा. गाठी गेल्या, त्यांच्याबरोबर पाण्याच्या वाटा गेल्या, आणि गेल्या वर्षापासून हात भरू लागला. आता तीस दिवसांचा उपचार ठरला होता. आठवड्यातून तीनदा इथे मालिश, आणि रोज सकाळी घरी बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्या. एकही दिवस चुकवायचा नाही, असं फिजिओने बजावलं होतं. मध्येच सोडलं तर सूज परत येते, आणि येते ती जास्तच हट्टी होऊन.

फिजिओची बोटं एकदाची दंडावर उतरली. काकांनी तेवढ्यात मण्याची गोष्ट काढली.

"त्या मेणाच्या माणसाच्या डाव्या खळग्यात, बरोबर इथे, एक मणी होता. हिरव्या मेणाचा. सुटा. नुसता खोचलेला. दर वर्षी परीक्षेच्या आधी तो चोरीला जायचा. सहाशे दहांतला नेमका तोच. पोरांची समजूत, की तो खिशात असला की नापास होत नाही. मी दर वर्षी नवा करायचो. अडतीस वर्षं, अडतीस मणी. डोळे बांधून करून दाखवीन. पुढेपुढे तर पोरं आगाऊ नोंदणी करायला लागली..."

"खरंच?" फिजिओने विचारलं आणि लगेच तिला पश्चात्ताप झाला, कारण तिचा आकडा पुन्हा चुकला होता.

"अडतीसांतले सदतीस नापास झाले. वेळ झाली का गं? आटप."

काकूंनी डोळे उघडले. "शेवट राहिला."

"कसला शेवट?"

"मण्याच्या गोष्टीचा. सरांच्या काठीचा."

"असेल राहिला. रोज रोज काय तेच?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रोज रोज तेच सांगायचा त्यांना कंटाळा आल्याचं संसारात प्रथमच कानावर येत होतं.

निघताना फिजिओने काकूंना खुर्चीत बसवलं. गळ्याजवळचं मालिश त्यांनी घरी दिवसातून दोनदा स्वतःचं स्वतः करायचं होतं आणि त्या फार जोर लावत होत्या. "दुसऱ्या कुणावर करून दाखवा, म्हणजे मला तुमचा हात दिसेल," ती म्हणाली. "काकांवर करा. तेवढाच त्यांचा उपयोग."

"माझ्यावर कशाला? मला काही झालेलं नाही."

"अहो, बसा गुपचूप," काकू म्हणाल्या. "माझ्या गळ्यावर रोज प्रवचन देता, आता तुमचा आणा इकडे."

काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं. उकाड्यातही. काकूंनी ते काढलं आणि दोन्ही हातांची बोटं खळग्यांत टेकवली. उजवीकडे मऊ. डावीकडे वाटाण्याएवढं काहीतरी. त्यांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. वाटाणा तिथेच होता. टणक, आणि ढकलला तर न सरकणारा.

काकांनी आधी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ते ओरडले.

"आई गं! मेलो! अगं, सावकाश! तिथे अवधाण आलंय."

"कशाचं अवधाण?"

"दाढेचं. दाढ किडलीय खालची. तिथला पू इथे उतरलाय, म्हणून गाठ सुजलीय. पायाला ठेच लागली की जांघेत येतं, तसंच हे."

"मला बोलला नाहीत ते?"

"प्रत्येक गोष्ट काय सांगायची?"

प्रत्येक गोष्ट सांगणं हाच ज्या माणसाचा धंदा, त्याने हे बोलावं म्हणजे काय, असा प्रश्न फिजिओच्याही चेहऱ्यावर दिसत होता. तिने पुढे होऊन स्वतः गाठ चाचपली. काका पुन्हा कळवळले. पट्ट्यांची पिशवी भरायच्या निमित्ताने तिने काकूंना दाराशी घेतलं.

"दुखतेय म्हणजे बहुतेक साधीच असेल. पण डाव्या बाजूची आहे, काकू. तिथल्या गाठीकडे दुर्लक्ष करत नाहीत. दोन आठवड्यांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवायचंच. ते काहीही सांगोत."

"ते काहीही सांगतातच," काकू म्हणाल्या.

घरी रोज सकाळी सातला जेवणाच्या टेबलाशी पट्ट्यांचा कार्यक्रम होई. काकू उजवा हात उशीवर पसरून बसत. काका समोर. आधी पाचही बोटांना वेगवेगळी अरुंद पट्टी, मग कापसाचा थर, मग तीन गुंडाळ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. ताण खाली जास्त, वर जाताना कमी. फिजिओला हे शिकायला सहा महिने लागले होते, असं ती म्हणाली होती. काकांना एक दुपार लागली. त्यांच्या बोटांना मेणाची सवय होती, कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांना सांगावं लागत नसे. उजव्या हाताने ते पट्टी फिरवत, डाव्याने काकूंचं कोपर उचलून धरत, आणि पुढची गुंडाळी हनुवटीखाली डाव्या खांद्याशी चेपून ठेवत. तोंड तरीही चालूच. फक्त शब्द चपटे होऊन बाहेर पडत.

"ह्या गाटी म्हंजे पोलीश चौक्या," ते हनुवटी न उचलता सांगत.

"मला एक दिवस शांतपणे बांधून घेऊ द्याल?"

गुंडाळी हातात घेऊन त्यांनी शब्द पुन्हा गोल केले. "पोलीस चौक्या. चोर दाढेतून शिरला. गस्तीवरच्या शिपायाने त्याचा तुकडा तोडून चौकीत आणला. 'हा बघा, चोर असा दिसतो.' मग चौकीत बसलेल्या हजारो जणांतून तो चेहरा नेमका ओळखणारा एकच कुणीतरी असतो, तो पुढे येतो. त्याचे लाखभर जुळे भाऊ तयार होतात. एवढी गर्दी म्हटल्यावर चौकी फुगणार नाही? आरडाओरडा होणार नाही? दुखणं म्हणजे 'काम चालू आहे' अशी पाटी आहे ती."

"किती दिवस चालणार काम?"

"सरकारी आहे."

काकूंनी हसायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरीही हसू आलं, ह्याचा त्यांना आणखी राग आला.

दाढेचा डॉक्टर झाला. म्हणजे काका एकटेच जाऊन आले आणि दाढ काढताना डॉक्टरचाच हात कसा लचकला, मग त्याच हाताला काकांनी तिथल्या तिथे कशी पट्टी बांधली, ही गोष्ट घेऊन आले. दाढ जागेवरच होती. "नंतर काढू म्हणाला," ते म्हणाले. गळ्याला गरम पाण्याचं फडकं लावून ते दुपारी आरामखुर्चीत कण्हत बसत. कुणी फोन केला की कण्हणं थोडं वाढे. जेवताना मात्र ते ताट अर्धं टाकून उठू लागले होते. पोट भरलं, म्हणत. काकू ते ताट उचलून नेत आणि भांडी जरा जास्तच आवाज करून घासत.

फिजिओ दर खेपेला विचारी, "काका, दाखवलं?"

"दाखवलं की. गोळ्या चालू आहेत."

"कुठल्या?"

"पांढऱ्या."

काकू मालिशच्या खाटेवर पडल्यापडल्या छताकडे बघत. ह्या माणसाशी भांडायचं म्हणजे ओल्या साबणाची वडी घट्ट धरण्यासारखं होतं. पकडावं, तो कुठेतरी भलतीकडे निघून गेलेला.

टेप लावून मोजलं तर हाताचा घेर सव्वादोन सेंटीमीटरने उतरला होता. फिजिओने कागदावर आकडा लिहिला आणि पहिल्यांदा हसली. "अजून आठ दिवस असंच चालू ठेवा. मग पट्ट्या सुटतील, नुसता घट्ट बाहीचा मोजा घालायचा." काकांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. वाटेत तीनदा काढून पाहिला.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी काकूंनी विषय काढला.

"दोन आठवडे झाले. उद्या दवाखाना."

"आता कमी आहे."

"बघू."

त्या उठून जवळ गेल्या. त्यांचं बोट कॉलरला लागायच्या आत काका विव्हळले. वाटाणा होता तेवढाच होता. किंवा थोडा मोठा.

"हे कमी आहे?"

"दुखणं वाढलंय, म्हणजे बरं व्हायच्या मार्गावर आहे. तुझा हात होऊ दे आधी. आठ दिवस राहिलेत. मग म्हणशील त्या डॉक्टरकडे. म्हणशील त्या गावाला."

"माझ्या हातावर कशाला ढकलता? हात काय पळून चाललाय?"

"मध्ये एक दिवस चुकला तर कडक होतो. तिने सांगितलंय. एकदा का आत घेतलं त्या लोकांनी, की हे तपासा, ते तपासा, दहा दिवस सोडत नाहीत. मग हे कोण बांधणार? तू?"

"हो, मी."

काका मोठ्याने हसले. "एका हाताने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दूध आणायला गेले. दरवाजा लागल्याचा आवाज आला तशा काकू टेबलाशी बसल्या आणि पट्ट्या समोर मांडल्या.

बोटांच्या पट्ट्यांनीच घाम काढला. डावा हात आयुष्यभर दुय्यम काम करत आलेला. त्याला अंगठा कुठे संपतो आणि पट्टी कुठे सुरू होते हेच कळेना. कापूस सरकला. पहिली गुंडाळी निसटली आणि पांढरी जीभ काढत कपाटाखाली गेली. ती काढायला त्या गुडघ्यांवर बसल्या, डोकं कपाटाला आपटलं, आणि त्यांनी एका दमात काकांना, कपाटाला, फिजिओला आणि त्या सतरा गाठी काढणाऱ्या सर्जनला चार शब्द सुनावले. पट्टीचं टोक दातांत धरून त्या पुन्हा सुरू झाल्या. मनगट झालं. आता दुसरी गुंडाळी लागणार होती आणि ती टेबलावर लांब होती. तिच्यासाठी उठावं तर पहिली सुटत होती. कशीबशी मान लांबवून त्यांनी ती ओढली आणि पडू नये म्हणून हनुवटीखाली दाबली. डाव्या खांद्याशी, काका दाबतात तशी.

आणि तशाच थांबल्या.

गुंडाळी कडक होती. तिची कड हाडाच्या वरच्या खळग्यात नेमकी बसली होती. काकूंनी हनुवटी आणखी खाली दाबली. कड आणखी रुतली. जिन्यात कुणाची तरी पावलं आली आणि वर निघून गेली. त्यांनी हनुवटी उचलली नाही. दातांतलं टोक केव्हा सुटलं हेही त्यांना कळलं नाही.

मग त्यांनी ते पुन्हा दातांत धरलं आणि उरलेली पट्टी काखेपर्यंत नेली.

काका दूध घेऊन आले ते दारातच उभे राहिले. "हे काय? हा हात आहे की बोचकं?"

"चप्पल काढू नका. दवाखान्यात जायचंय."

"आधी हे सोडू दे. नीट बांधतो आणि मग..."

"हात लावायचा नाही. असंच."

"लोक हसतील गं."

"हसू देत. तुम्हाला तेच हवं असतं ना?"

दवाखान्यात पंधरा जण होते. पाच मिनिटांत त्यांतले नऊ जण काकांच्या भोवती होते. मेणाच्या माणसाला एकदा दालनातल्या उकाड्यात कसा घाम फुटला आणि तपासायला आलेल्या पाहुण्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन कसं केलं, ही गोष्ट रंगात आली होती. नंबर पुकारला तेव्हा एक बाई म्हणाल्या, "आजोबा, नंबर मागाहून घ्या, पण गोष्ट पुरी करा." काकूंनी काकांना दंडाला धरून उठवलं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी मान वर केली आणि उठूनच उभे राहिले.

"मेणकाका! तुम्ही? ओळखलंत का?"

"तुम्ही मणी चोरलेल्यांपैकी, की नापास झालेल्यांपैकी?"

डॉक्टर खदखदून हसले. टेबलावरचा फोन त्यांनी पालथा घातला. काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या. झालं, त्यांना वाटलं, आता इथेही दरबार भरणार. आणि तो भरलाच. काच पुसणारा शिपाई, कुठल्याशा परीक्षेतला कान, कुणाच्या टोपीत सापडलेलं मेणाचं बोट. दहा मिनिटांनी डॉक्टरांना विचारायचं सुचलं.

"बरं, आज कसं येणं केलंत?"

"काही नाही हो. हिचा हट्ट. दाढ किडलीय, तिचं इथे अवधाण आलंय. जाम दुखतंय."

डॉक्टरांनी बोट टेकवलं. काका खुर्चीतून अर्धे उठले आणि असे ओरडले की बाहेरचं कुजबुजणं थांबलं.

"अरे बापरे. एवढं?" डॉक्टरांनी बोट काढून घेतलं. हसू अजून त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "पण ओरडलात ते बरं झालं. नेमकी मण्याची जागा आहे ना ही. मी क्षणभर घाबरलोच. सरांची काठी आठवली."

"काठी कसली?" काकूंनी विचारलं. त्यांना माहीत होतं. ही गोष्ट त्यांनी शेवटासकट शंभरदा तरी ऐकली होती.

"सर शिकवताना मण्यावर काठी टेकवायचे, काकू. म्हणायचे, पोटातलं सगळं पाणी इथे येतं. हे शेवटचं नाकं. दाढेची गाठ, घशाची गाठ दुखते, ओरडते, तिला भिऊ नका. पण ही सुजली, कडक झाली आणि दाबूनही माणूस गप्प बसला, तर मान बघत बसू नका, रोग खाली लपलाय. पोट बघा." ते पेन उचलून लिहू लागले. "नियम काही पक्का नसतो, पण आमच्या डोक्यात बसलंय ते. सात दिवस गोळ्या देतो. दाढ काढून घ्या. नंतर बघू. झोपताना त्रास होतो का?"

"विचारू नका," काका म्हणाले. "हे कुणालाही खरं वाटणार नाही, पण शर्टाची कॉलर घासली ना, तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"मला नाही वाटत खरं," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांचं पेन चालू होतं.

"दुखत नाहीये त्यांना, डॉक्टर. रोज सकाळी माझी पट्टी बांधताना पुढची गुंडाळी ते हनुवटीखाली चेपून धरतात. ह्याच बाजूला, ह्याच जागी. आणि वरून मला गोष्टी सांगतात. दोन आठवडे झाले ही गाठ सापडून. बांधताना एकदाही आई गं म्हणाले नाहीत."

पेन थांबलं. काकांनी तोंड उघडलं. काकूंनी वाट पाहिली. अडतीस मणी, सहाशे दहा गाठी, घाम फुटलेला मेणाचा माणूस, काहीतरी येईलच असं त्यांना वाटलं.

"अगं, आठच दिवस राहिले होते," काका म्हणाले.

"बांधता येते मला," काकू म्हणाल्या आणि हात टेबलावर ठेवला. कोपराजवळ कापूस बाहेर आला होता, आणि मनगटाशी पट्टीचं टोक सुटून टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होतं.